घोडा म्हणजे बैल नव्हे

(शाहूपुरी, कोल्हापूर येथे कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले बरेच जण महाराष्ट्र एक्स्प्रेसने आलात. वर्धा, अकोला, जळगाव असा सारा कापसाचा मुलूख ओलांडून ही गाडी कोल्हापूरला येऊन थांबते. स्टेशनच्या बाहेर पडलात की शाहूपुरी. १८९१ साली इथे मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसवली. गुळाच्या व्यापाराची पेठ म्हणून तिचे नाव झाले. गूळ आला, रेल्वे आली, म्हणजे गाड्या आल्या, टांगे आले आणि टांग्याला जुंपायला घोडी आली. आमचा आजा याच स्टेशनावर टांगा हाकायचा. टांगे गेले, रिक्षा आल्या. आमच्या घरी मात्र एखादे जनावर ठाणावर राहिले, ते आजही आहे. हल्ली ते लग्नाच्या वरातीला जाते.

बैठकीत कापसाचा भाव, कर्ज, वीज हे विषय आहेतच. मग घोड्याचा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. कारण तुम्हीच काढून दिलेत. गेल्या काही वर्षांत तुमच्याकडची पोरे आम्हाला भेटतात ती एकच गोष्ट सांगतात. ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली, आलेल्या पैशात थोडी उसनवारी घालून माळेगावच्या नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. लग्नसराईत चार पैसे मिळतील हा हिशेब. आणि दोन महिन्यांत घोडी रोडावली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली. पुढ्यात टाकलेले हुंगते आणि तोंड फिरवते. पेंड आणली, भरडा आणला, टॉनिकची बाटली आणली, तरी अंगावर मांस धरत नाही. पोराच्या गळ्याशी व्याज आणि दारात हाडाचा सापळा.

ही पोरे आळशी नाहीत. पिढ्यान् पिढ्या बैल सांभाळलेल्या घरची आहेत. तिथेच त्यांची चूक होते, आणि ती चूक आम्हीही केलेली आहे. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. घोडा म्हणजे बैल नव्हे. बैलाच्या हिशेबाने घोडा पोसायला गेलात, तर जनावरही जाईल आणि पैसाही जाईल.

आमची फजिती आधी सांगतो. एका यात्रेतून आम्ही एक पांढरी घोडी आणली. चाल चांगली, मान चांगली, अंगाने जरा बारीक. विकणारा म्हणाला, "प्रवासानं उतरलीय, आठ दिवसांत भरेल." आम्ही घरी आणून दुसऱ्याच दिवसापासून खाण्याचा सपाटा लावला. सकाळी पाटीभर हरभरा, संध्याकाळी पाटीभर सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा. कडबा नावापुरता. घोडीने पहिले दोन दिवस थोडे खाल्ले, मग दाणे तोंडातून सांडायला लागली, मग पाटीत नाक घालून बाजूला व्हायची. आम्हाला वाटले, जनावर लाडावलेले आहे, चवीचे आहे. म्हणून आणखी चवीचे घातले. पाचव्या रात्री घोडी पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून पोटाकडे बघायला लागली, बसली, उठली, लोळली. लीद बंद. पोटशूळ. डॉक्टर रात्री आले, नाकातून नळी घातली, सकाळपर्यंत आम्ही सारे घर तिच्याभोवती. वाचली ती नशिबाने.

सकाळी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "तोंड उघडून बघितलंत का?" आम्ही यात्रेत वय बघायला पुढचे दात बघितले होते. दाढा कुणी बघितल्या नव्हत्या. त्यांनी जबड्यात उजेड धरून दाखवले. वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूने आणि खालच्या दाढांना आतल्या बाजूने सुरीसारखी धार आलेली. गाल आतून कापलेला, जिभेला जखम. घोडी चवीची नव्हती. तिला चावता येत नव्हते, आणि आम्ही तिला लाडावलेली म्हणत होतो.

आता घोड्याचे पोट समजून घ्या, म्हणजे पुढचे सारे आपोआप समजेल.

बैल घाईने चारा गिळतो, मग बसून निवांत रवंथ करतो. त्याच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठी कणगीच. तिथे जंतू चारा कुजवतात, निकृष्ट चाऱ्यातूनही प्रथिने तयार करतात, आणि ती पुढच्या पोटात बैलाला मिळतात. म्हणून नुसत्या कडब्यावर आणि थोड्या पेंडेवर बैल ओढून नेतो. घोड्याला रवंथ नाही. चावायची संधी एकदाच. त्याचे जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचे. चारा कुजवणारी त्याची कणगी आहे, पण ती शेवटी, मोठ्या आतड्याकडे. तिथल्या जंतूंनी बनवलेली प्रथिने बरीचशी लिदीतून निघून जातात. म्हणून बैलाला चालणारी युरिया प्रक्रियेची वैरण घोड्याच्या उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट. घोड्याच्या जठरात आम्ल सतत सुटत असते, खाल्ले तरी आणि न खाल्ले तरी. मोकळ्या रानात घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो. त्याचे पोट थोडे थोडे, सतत, अशा खाण्यासाठी बनलेले आहे. त्याला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाटी भरून द्यायची आणि मधे दिवसभर खुंट्याला उपाशी ठेवायचे, म्हणजे जठराला आतून व्रण पडायची सोय. व्रण पडला की चंदी नको वाटते. मालक म्हणतो, घोडा चवीचा झाला.

तिसरी गोष्ट. एका वेळी खूप धान्य पडले की ते न पचता मागच्या कणगीत जाते. तिथे आंबते. मग पोटशूळ होतो, नाहीतर खुरांत दाह होऊन घोडा पायाने जातो. आणि घोड्याला ओकता येत नाही. बैलाचे पोट फुगले तर तुम्हाला चार उपाय माहीत आहेत. घोड्याला आत गेलेले बाहेर काढायची वाटच नाही.

आता आमच्या आजाचा तोबरा आठवा. टांगा स्टेशनावर उभा असला की आजा घोड्याच्या तोंडाला तोबरा अडकवायचा. मूठ-दोन मुठी भिजवलेला हरभरा आणि कडब्याची बारीक कुट्टी. एक गाडी येऊन जायची, भाडे व्हायचे, परत आला की पुन्हा तोबरा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. आजाने पशुवैद्यकाचे पुस्तक वाचले नव्हते, पण घोड्याच्या पोटाला जे हवे तेच तो करत होता. धनगराचे तट्टू बघा. वाड्यामागे दिवसभर चालते आणि चालता चालता चरते. त्याला हरभऱ्याची पाटी कुणी दाखवत नाही, तरी ते टणक असते. आम्ही मात्र आजाचा तोबरा खुंटीला टांगला आणि पाटी पुढे केली.

म्हणून घोडा रोड दिसला तर पेंडेच्या दुकानात जाऊ नका. आधी चार गोष्टी बघा.

पहिली, तोंड. दाणे सांडतात का, चारा चघळून गोळा करून टाकतो का, लिदीत अख्खे दाणे दिसतात का, तोंडाला घाण वास येतो का. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात, त्यामुळे धार येत राहते. डॉक्टरकडून वर्षातून एकदा दाढा कानसून घ्या. लगामाने तोंडाच्या कोपऱ्यात जखम झाली आहे का तेही बघा.

दुसरी, पोटातले जंत. लीद साध्या डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. जंताचे औषध जनावराच्या वजनाप्रमाणे असते, शेजाऱ्याच्या म्हशीला दिले तेवढे नव्हे. आणि ठाणावरची लीद रोज उचला, नाहीतर आज पाडलेले जंत उद्या पुन्हा पोटात.

तिसरी, रक्त. घोडा खातो तरी वाळतो, मधेच ताप येतो, उतरतो, पायांवर नाहीतर पोटाखाली सूज येते, तर सर्राची शंका घ्या. हा रोग चावऱ्या माश्यांनी पसरतो, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि त्यावर चंदी वाढवून काही होत नाही. नाकातून घट्ट स्राव येत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, तर ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. तो माणसालाही होतो आणि कायद्याने कळवावा लागणारा रोग आहे. यात्रेत घोडी घेताना चाल बघता, तसा तपासणीचा दाखलाही मागा.

चौथी, विश्रांती. लग्नसराईत घोडी रात्री बारापर्यंत बँड आणि फटाक्यांत उभी, दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दुसऱ्या गावाला. पाण्याची वेळ नाही, चाऱ्याची वेळ नाही. माणूससुद्धा असा खंगेल. टेम्पोत चाऱ्याची जाळी बांधा, उतरल्याबरोबर पाणी दाखवा.

हे चारही झाले की मग खाण्याकडे वळा. आणि अंदाजाने नव्हे, मोजून.

घोड्याचे वजन काट्याशिवाय काढता येते. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ११,८८० ने भागा. आले ते किलोत वजन. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०० किलो. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच माणसाने मोजायचे आणि वहीत लिहायचे. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक दिसत नाही, टेपला दिसतो.

३०० किलोच्या घोड्याला दिवसाला कोरड्या वजनाने सहा ते साडेसात किलो खाणे लागते. त्यात वैरण कमीत कमी साडेचार किलो हवीच. वैरण हा पाया. तो ढासळू देऊन धान्य वाढवू नका. रोड जनावर भरायचे असेल तर असा मेळ बसवा: साडेपाच किलोच्या आसपास कडब्याची कुट्टी आणि वाळले गवत मिळून, दिवसातून चार वेळा, त्यातली मोठी वाटणी रात्रीसाठी. हिरवा लसूणघास मिळाला तर तीन-चार किलो. चंदी दीड ते दोन किलो, पण तीन वेळांत वाटून. मीठ एक मूठ, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. पाणी स्वच्छ आणि सतत पुढ्यात. वाळल्या कडब्यावर पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडकतो.

ही चंदी दुकानातून आणायची गरज नाही. तुमच्या रानात ती आहे. हुलगा घ्या. जिथे दुसरे काही येत नाही तिथे हुलगा येतो. इंग्रज त्याला घोड्याचा हरभराच म्हणायचे, आणि आजही इंग्रजीत त्याचे नाव तेच आहे. तो शिजवून द्या, कच्चा नको. हरभरा रात्रभर भिजवून द्या. ज्वारी अख्खी देऊ नका, दाणा कठीण असतो, तसाच लिदीतून निघतो. ती भरडून, थोडीच द्या. करडई पिकवणाऱ्यांनी घाण्याचे तेल चमच्या-दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत दिवसाला दीडशे-दोनशे मिलिलिटरपर्यंत न्यावे. घोड्याला पित्ताशय नसते, तरी तो तेल चांगले पचवतो. धान्याच्या दुपटीहून जास्त ताकद तेलात आहे, आणि धान्यासारखे ते पोटात आंबत नाही. न खाणाऱ्या घोड्याच्या थोड्या घासात जास्त ताकद भरायची असेल, तर हा सगळ्यात सोपा मार्ग.

आता कापूसवाल्यांनी कान द्या. सरकी आपली, पेंड आपली, म्हणून घोड्यालाही तीच, असे करू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या गाईम्हशीच्या पहिल्या कप्प्यात त्याचा बराच जोर मोडतो. घोड्याला तो कप्पाच नाही. शिवाय घोड्याच्या मांसाला, विशेषतः शिंगराला, जे प्रथिन हवे ते सरकीत कमी पडते. सरकी पेंड बैलाला ठेवा. घोड्याला पेंड द्यायचीच तर सोयाबीनची किंवा चांगली, बुरशी न लागलेली भुईमुगाची, थोडी.

आणखी चार गोष्टी टाळा. कोंबड्यांचे खाद्य घोड्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याचे काळीज ते थोड्या मात्रेत निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. गाईचे तयार खाद्यही पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय नको. दुसरे, बुरशी लागलेला मका. त्याने घोड्याचा मेंदू जातो. तिसरे, बांधावरचा सुबाभूळ. शेळीला पाला घातला तसा घोड्याला घातला की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. वरातीच्या घोडीला शेपूट नसेल तर भाडे कोण देणार? चौथे, हिरवी ज्वारी. कोवळ्या आणि पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीने गुरे लागतात हे तुम्हाला सांगायला नको. घोड्याला हिरव्या ज्वारीवर चारत राहिले तर मूत्राशय आणि मागचे पाय अधू होतात. कडबा पूर्ण वाळलेलाच द्या. आणि गव्हाच्या कोंड्यावर भर देऊ नका. त्यात स्फुरद फार आणि चुना कमी, वर्षभर तेच खाल्ले तर हाडे पोकळ होतात. लसूणघास त्याची भरपाई करतो.

अगदीच उपाशी ठेवलेले जनावर हाती आले, तर मात्र पहिले दहा दिवस धान्य दाखवूही नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात उपाशी घोड्यांना पुन्हा वाढवण्याचा अभ्यास झाला. त्यात लसूणघास थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा, हाच मार्ग चांगला ठरला. उपाशी शरीरात एकदम पिठूळ खाणे गेले की रक्तातले क्षार ढासळतात आणि पोट भरलेले जनावर मरते. दया दाखवायला जाऊन मारल्यासारखे होते.

न खाणाऱ्या घोड्याला खायला कसे लावायचे? धूळ झटकून, कडब्यावर पाणी शिंपडून द्या. कांडी जाड असेल तर कुट्टी करा, नाहीतर पाने निवडून खातो आणि कांडी तुडवतो. पाटी रोज धुवा. आंबलेल्या पाटीचा वास आपल्याला येत नाही, घोड्याला येतो. औषधाची पूड चंदीत मिसळू नका. एकदा फसला की तो पाटीवरच विश्वास ठेवत नाही. नवे खाणे एकदम बदलू नका, सात ते दहा दिवसांत जुने कमी करत नवे वाढवा. एकटा घोडा घाबरट खातो, शेजारी दुसरे जनावर, शेळी असली तरी चालते, दिसेल असे बांधा. आणि आमच्या शाहूपुरीचा उपाय म्हणजे गूळ. सुपारीएवढा खडा पाण्यात विरघळवून कुट्टीवर शिंपडा. गूळ हे आमिष आहे, खुराक नव्हे. आम्ही गुळाच्या पेठेतले असून हे सांगतो, म्हणून विश्वास ठेवा.

आमच्या घोडीचे काय झाले? दाढा कानसल्या, जंत पाडले, रक्त तपासले. महिनाभर एकही वरात घेतली नाही. घरात त्यावरून बोलणी झाली. हप्ता तुंबला. आई म्हणाली, "जनावर कमवायला आणलंत का सांभाळायला?" आजाचा तोबरा खुंटीवरून खाली आला. पहिल्या पंधरवड्यात टेप हलली नाही. दुसऱ्यात एक सेंटिमीटर. आम्हाला वाटले, मोजण्यात चूक झाली. तिसऱ्यात आणखी दोन. चौथ्या महिन्यात बरगड्या डोळ्याला दिसेनाशा झाल्या, हाताला लागत होत्या. तेवढेच हवे. पाचव्या महिन्यात ती वरातीला गेली. वही अजून घरात आहे. तिच्यात घोडीच्या खाण्याचा खर्च आहे आणि कमाईही आहे. ज्या पाच महिन्यांत कमाई शून्य होती, ती पानेही आहेत. पोरांनो, घोडी आणण्याआधी ती शून्याची पाने हिशेबात धरा. ती न धरता जो घोडी आणतो, तो चौथ्या महिन्याऐवजी दुसऱ्या महिन्यातच ती विकतो, आणि विकत घेणारा तिला भरवून कमावतो.

आता कडब्याबद्दल, आणि मग आम्ही थांबतो.

मे १६७३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणला छावणीत असलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले. ते घोड्याच्या खाण्याचेच पत्र आहे. पावसाळा तोंडावर आहे, दाणा आणि गवत जमवले आहे ते मोजून रोजच्या रोज वाटा, आहे म्हणून आज मनाला येईल तसे चाराल तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणाचा दाणा, कुणाची भाकर, कुणाचे गवत, कुणाचे लाकूड आणाल, रयत परागंदा होईल, आणि तिला मोगल बरे वाटतील. गवताजवळ विस्तव नेऊ नका, उंदीर दिव्याची वात ओढून नेईल, इतका बारीक विचार त्यात आहे. राजाला ठाऊक होते की घोड्याच्या चंदीचा हिशेब चुकला की त्याची भरपाई शेवटी कुणब्याच्या घरातून होते.

भावांनो, आज कुणब्याच्या घरातून वैरण कुणी घोडेस्वार ओढून नेत नाही. पण दुष्काळ पडला की अनेक जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालतात. ज्याने जिवाच्या कराराने कडबा राखला, त्याला जिथे चार पैसे जास्त मिळतील तिथे तो नेता येत नाही. रब्बीच्या ज्वारीत दाण्याइतकाच आधार कडब्याचा असतो. मोहोळला निवडलेली मालदांडी अजून टिकून आहे ती दाण्याच्या चवीबरोबर कडब्यासाठीही. तो कडबा शेतकऱ्याचा माल आहे. दुष्काळात गुरे जगली पाहिजेत हे खरेच. मग सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा. शेतकऱ्याच्या गंजीला कुलूप लावून दुसऱ्याची दया पाळायचा अधिकार कुणाला नाही.

आणि शेवटचे. आमच्या घोडीच्या पुढ्यात पेंड होती, हरभरा होता, टॉनिक होते. कुणी तिचे तोंड उघडून बघितले नव्हते. शेतकऱ्याचेही तेच चालले आहे. पुढ्यात योजना टाकतात, अनुदान टाकतात, पॅकेज टाकतात, आणि वर म्हणतात, एवढे घालतो तरी हा रोडच, याला खायची अक्कल नाही. याच्या मालाची बाजाराकडे जायची वाट कुठे कापली जाते, ते तोंड उघडून बघायला कुणी येत नाही. ते आपल्यालाच बघावे लागेल. घोडीच्या दाढा ज्याने उजेड धरून बघितल्या, तिथून तिचे बरे होणे सुरू झाले.

उद्या घरी गेलात की एक टेप आणि एक वही घ्या. ज्याच्या दारात घोडी आहे त्याने घोडीची नोंद सुरू करावी. ज्याच्या दारात नाही त्याने आपल्या ज्वारीची आणि कपाशीची. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.

जय जवान, जय किसान!